मोरी कुठे आहे? पडद्यावरच्या घरांबद्दल माझी काही मतं

डिलाईलरोडकर

माझा जन्म ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतला. खोली १६० चौरस फुटांची आणि माणसं सात. एका चाळीत ८० खोल्या, मजल्यावर वीस, संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांना मिळून. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी. तिथेच आंघोळ, तिथेच भांडी, तिथेच आजीचं तोंड धुणं, आणि बहीण मोठी झाल्यावर पडदा ओढून कपडे बदलायची जागाही तीच. पहाटे पाणी यायचं त्या वेळेवर सगळं घर चालायचं. कोण आधी उठणार, कोण शेवटी आंघोळ करणार, यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नसतील.

सिनेमा किंवा मालिका सुरू झाली की माझी नजर अजूनही मोरी शोधते. हा माणूस झोपतो कुठे, डबा कोण भरतं, पगार किती तारखेला होतो, हे दिग्दर्शकाला ठाऊक असेल तर त्या माणसाच्या तोंडचं साधं वाक्यही मला पटतं. ठाऊक नसेल तर कितीही मोठा संवाद असो, वरून चिकटवल्यासारखा वाटतो. खालची मतं याच मापाने मोजलेली आहेत.

'कोर्ट' (२०१४) माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला मराठीतला सगळ्यात चांगला चित्रपट. व्हेनिसचं बक्षीस आणि सुवर्णकमळ मिळालं म्हणून नव्हे. त्यात गीतांजली कुलकर्णींनी केलेली सरकारी वकील आहे. दिवसभर ती एका लोकशाहिराला आत ठेवण्यासाठी जुनी कलमं सपाट आवाजात वाचते आणि संध्याकाळी लोकल पकडून घरी जाते, स्वयंपाक करते, नवऱ्याला-पोरांना वाढते. मी अशा बायका रोज बघतो. डब्यात भाजी निवडणाऱ्या, एकमेकींच्या दुखण्यांची चौकशी करणाऱ्या. त्यातली एखादी ऑफिसात बसून कोणाचं आयुष्य उद्ध्वस्त करत असेल असं मनात येत नाही. चैतन्य ताम्हाणे तिला खलनायिका करत नाहीत, तिचं घर दाखवतात, आणि त्यामुळे ती जास्त भयंकर वाटते.

'सिंहासन' (१९७९) मी दर दोन-तीन वर्षांनी बघतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. मुख्यमंत्र्यांच्या घरातले फोन आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस एकाच शहरात राहतात हे त्या कृष्णधवल चौकटींत सतत जाणवतं.

मालिकांमध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ साली सुरू झाली, आठवड्यातून एकदा लागायची. आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं. आठवडाभर वाट बघायचो. त्या घरात काही भयंकर घडत नसे, पण घरातल्या प्रत्येकाला बसायची ठरलेली जागा होती.

'लालबाग परळ' (२०१०) मात्र मला आवडला नाही आणि हे मी जड मनाने लिहितो. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर बसले, त्यांत तेही. चित्रपट ज्या नाटकावरून घेतला ते जयंत पवारांचं 'अधांतर' एका खोलीत घडतं, आणि ती खोली हळूहळू माणसांच्या अंगावर येते. चित्रपट खोलीतून बाहेर पडला आणि गोळीबारात रमला. काही मुलं त्या वाटेने गेली, हे खरं आहे, आमच्या चाळीतलीही गेली. पण बहुतेक घरांत संपानंतर बंदूक आली नाही, वाण्याच्या उधारीची वही आली. त्या वहीवर चित्रपट कोण काढणार?

आणि आता रोजच्या मालिका. बंगला, मधोमध जिना, जिन्याखाली देवघर. बायका रात्री झोपताना भरजरी साडीत. पत्ता मुंबईचा, पण पाच वर्षांत कोणी लोकलमध्ये चढत नाही. पुरुष "मीटिंग" म्हणून बाहेर जातात आणि चहाच्या वेळेला परत येतात. त्या घरात पाणी कधी जात नाही. मी हे बघू शकत नाही, आणि आपल्या मराठी घरांत रोज संध्याकाळी हे चालू असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्या मोठ्या प्रेक्षकाला आपण त्याचं स्वतःचं घर दाखवत नाही.

तुमची मतं सांगा. विरोधी असली तरी चालतील.

मुलुंडची_लेक

विरोधीच आहे, आणि जरा लांब लिहिणार आहे.

माझे बाबा २०२०मध्ये गेले. आई ६८ वर्षांची, गुडघे गेलेले, तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. साडेसात वाजले की ती टीव्हीसमोर बसते. 'आई कुठे काय करते' तिने डिसेंबर २०१९पासून नोव्हेंबर २०२४मध्ये संपेपर्यंत, जवळजवळ एकही दिवस न चुकवता पाहिली. बंगल्याचं नाव 'समृद्धी', तुम्ही म्हणता तसाच, जिना वगैरे. पंचवीस वर्षं घर सांभाळलेल्या अरुंधतीचा नवरा दुसऱ्या बाईकडे गेलेला. माझ्या बाबांनी असं काही केलं नाही. तरी आई तिच्यासाठी रडायची.

मग एक दिवस आईने मला विचारलं, "आपल्या खोलीच्या कागदावर माझं नाव आहे का गं?" ४१ वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला. मालिकेत तेव्हा घराच्या हिश्शावरून काहीतरी चाललं होतं. आम्ही सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून पाहिलं. नाव फक्त बाबांचं. नॉमिनी म्हणून काकांचं नाव, ते १९९४ साली घातलेलं आणि कोणी बदललंच नव्हतं. पुढचे आठ महिने आमचे त्यात गेले.

त्या मालिकेचा बंगला खोटा होता. पण आईला जो प्रश्न पडला तो तुमच्या 'कोर्ट'ने पडला नसता, कारण 'कोर्ट' तिने दहा मिनिटांत बंद करायला लावला. तुम्ही मोरी शोधा. माझ्या आईने त्या मालिकेत स्वतःचं नाव शोधलं.

डिलाईलरोडकर

@मुलुंडची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काकूंचं नाव आता लागलं असेल अशी आशा करतो.

तरी एक विचारतो. ती मालिका मुळात 'श्रीमयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेली. त्याच गोष्टीवरून हिंदीत 'अनुपमा' झाली. म्हणजे बंगालात, हिंदीत आणि मराठीत एकच बाई, फक्त साडी नेसायची तऱ्हा वेगळी. नॉमिनी बदललेला नाही, शेअर सर्टिफिकेट कपाटात पडलेलं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे खेटे, हे जे तुमच्या घरी घडलं ते पूर्णपणे मुंबईचं आहे. तेच मालिकेत असतं तर किती बायकांना उपयोग झाला असता? तुमच्या आठ महिन्यांची मालिका मी रोज पाहीन.

मुलुंडची_लेक

ते मान्य. पण "असतं तर" यावर आईची संध्याकाळ जात नाही. जे आहे ते ती बघते.

शिफ्ट_तेरा_तास

मी मालिकांच्या सेटवर अकरा वर्षं एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, म्हणून काम करतोय, घोडबंदर रोड आणि मढ या दोन्हीकडे. जिन्यावरून इतकी चर्चा चाललीय म्हणून सांगतो की जिना का असतो.

आम्हाला रोज एक भाग द्यायचा असतो. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. आठवड्याला सहा भाग, अधूनमधून रविवारचा महाएपिसोड. हातात आधीच तयार असलेल्या दोन-चार भागांची बँक असली तर नशीब. सकाळी सातची शिफ्ट, आणि कधीकधी पहिल्या सीनचा कागद मेकअप चालू असताना मोबाईलवर येतो. गुरुवारी रेटिंग आलं की परवा ठरवलेला गोष्टीचा ट्रॅक आज बदलतो. अशा वेळी नवीन जागा, नवीन लायटिंग, बाहेरचं शूटिंग परवडत नाही. मोठा हॉल असला की दहा माणसं एका फ्रेममध्ये उभी राहतात, कॅमेरा मागे घेता येतो आणि एकदा लावलेले लाइट दिवसभर चालतात. जिना असला की कोणी वरून ऐकू शकतं, कोणी मधेच थांबू शकतं, एका जागेत चार सीन निघतात. १६० फुटांच्या खोलीचा सेट लावता येतो, भिंती काढताघालता येतात, पण प्रत्येक वेळी लायटिंग नव्याने. तेवढ्यात आमचा अर्धा एपिसोड होतो.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका मालिकेत मध्यमवर्गीय घर होतं. आर्टवाल्या मुलीने बेडरूमच्या दारावर ओला टॉवेल टाकला, बाथरूमबाहेर जुन्या परकराचं पायपुसणं ठेवलं. मला इतकं छान वाटलं. पहिला भाग गेल्यावर वरून निरोप आला की फ्रेम "गबाळी" दिसतेय. टॉवेल गेला, पायपुसणं गेलं, त्या जागी कुंडी आली. साड्यांचे तर टाय-अप असतात, त्या दिसायलाच हव्यात.

पण सेटवर साठ-सत्तर माणसं जेवतात हेही लक्षात ठेवा. मार्च ते जून २०२० शूटिंग बंद होतं तेव्हा आमच्या स्पॉटदादांनी भायखळ्याहून भाजी आणून विकली. तुम्ही ज्याला खोटं घर म्हणता त्यावर खरी घरं चालतात.

नायगाव_क्वार्टर

मूळ लेख आवडला, पण मला त्यात जे दिसलं नाही ते बोलायलाच हवं.

मोरी कुठे आहे, हे तुम्ही विचारलंत. मोरीतलं पाणी जातं कुठे, हे विचारलं नाहीत. मी सफाई कामगारांच्या क्वार्टरमध्ये वाढलो. आजोबा आणि वडील दोघंही महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात. तुम्हाला 'कोर्ट'मधली वकिलीण आठवते, तिचा स्वयंपाक आठवतो. ज्याच्या मृत्यूवरून त्या शाहिरावर खटला चालतो त्या गटार-कामगाराची बायको मला आठवते. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगते की नवरा आत उतरायच्या आधी झुरळं दिसतात का ते बघायचा. झुरळं दिसली तर हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून तो प्यायचा, गॅसमुळे त्याचा एक डोळा गेलेला. आमच्या घरात या गोष्टी जेवताना बोलल्या जायच्या. अख्ख्या मराठी सिनेमात मी त्या पहिल्यांदा ऐकल्या, तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. बचाव पक्षाचा वकील तिला गाडीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो, ती काम मागते. तेवढ्या एका प्रसंगासाठी मी तो चित्रपट डोक्यावर घेईन.

माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवणं २०१३च्या कायद्याने बंद केलंय. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ माणसं अजून मरतायत.

आणि टिपरे. माझ्या आईलाही आवडायचे. त्यात आजोबा झालेले दिलीप प्रभावळकर मोठेच नट आहेत. पण ज्या साध्या, प्रेमळ, मध्यमवर्गीय मराठी घराच्या आठवणीने तुम्ही सगळे हळवे होता, त्या घराचं आडनाव बदलून बघा. आमच्या आडनावाचं कुटुंब त्या सोफ्यावर बसवून कोणी विनोदी मालिका केली आहे का? आमची गोष्ट सांगायची तर दुःखाचीच. नाहीतर नाहीच.

'फॅन्ड्री' मी प्लाझाला पाहिला, फेब्रुवारी २०१४. जब्या हा पोरगा आणि त्याच्या घरचे डुक्कर खांद्याला लटकवून नेतात तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीबाई. थिएटरात माझ्या शेजारचा एक गृहस्थ त्याआधी डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं त्या प्रसंगाला हसला होता. या भिंतीला तो गप्प झाला. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आला तेव्हा तो खाली बघत होता.

डिलाईलरोडकर

@नायगाव_क्वार्टर, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या चाळीचे सामायिक संडास रोज साफ करायला एक मावशी यायच्या. त्यांना आम्ही नावाने कधी हाक मारली नाही. मी १६० फुटांचा हिशेब लिहिला, ८० खोल्या लिहिल्या, आणि त्या माझ्या लेखात नाहीत.

टिपऱ्यांवरचं माझं प्रेम कमी होणार नाही, पण त्या घराला मी मनात "आपलं घर" म्हणत आलो तेव्हा त्या "आपलं"मध्ये कोण होतं ते आता मला पाहावं लागेल.

सैराट_सोळा_वेळा

सगळे एवढे दुःखी का झालात? सिनेमा म्हणजे पंचनामा नव्हे हो.

मी 'सैराट' थिएटरात सोळा वेळा पाहिलाय, त्यातले नऊ वेळा भारतमाताला. पहिल्या अर्ध्या भागात मोरी कुठेच नाही! विहिरीत उडी आहे, उसाचं रान आहे, आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, करमाळ्याच्या दोन पोरांच्या प्रेमासाठी! आपल्या प्रेमाला एवढं मोठं संगीत कोणी दिलं होतं का याआधी? ते सगळं वास्तवाच्या दसपट आहे म्हणूनच शेवटी आवाज बंद होतो तेव्हा माणूस खुर्चीत खिळतो. नुसतं खरंखरं दाखवलं असतं तर बातमी झाली असती, तशी बातमी आपण रोज वाचतो आणि पान उलटतो.

आणि 'अशी ही बनवाबनवी'? १९८८चा चित्रपट, माझ्या जन्माच्या आधीचा. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन. दोन पुरुष लुगडं नेसून बायका होतात, यात वास्तव काय? तरी महाराष्ट्रातलं प्रत्येक घर तो पाठ म्हणतं. तुमचं मोरीचं माप इथे चालत नाही.

डिलाईलरोडकर

@सैराट_सोळा_वेळा, इथे मात्र मी तुम्हाला सोडणार नाही.

'बनवाबनवी' उभाच आहे घराच्या प्रश्नावर. चार मित्रांना पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही, घरमालकीण लग्न झालेल्यांनाच जागा देणार, म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. लुगडं हा विनोद आहे, खोली न मिळणं विनोद नाही. आज मुंबईत एकट्या मुलाला किंवा मुलीला, त्यातून आडनाव किंवा धर्म "न चालणारा" असेल तर, जागा शोधायला पाठवून बघा. ३५ वर्षांनंतरही तो चित्रपट चालतो कारण त्याच्या तळाशी भाड्याची खोली आहे.

'सैराट'चंही तेच. दुसरा अर्धा भाग आठवा. हैदराबादच्या झोपडपट्टीतली ती खोली, आर्चीला सहन न होणारी घाण, स्वयंपाक न येणं, परश्या डोशाच्या गाडीवर आणि ती बाटल्यांच्या कारखान्यात. बुलेटवरची मुलगी पत्र्याच्या खोलीत राहायला शिकते. तिथे मोरी आली, आणि तिथूनच ते प्रेम खरं संसाराचं झालं. नागराज मंजुळे यांनी आधी स्वप्न दिलं, मग त्याचं भाडं मागितलं.

सैराट_सोळा_वेळा

दुसऱ्या भागाचं पटलं. पहिल्या भागाचं तुम्ही अजून काही बोलला नाहीत. स्वप्न आधी लागतं, हे एकदा कबूल करा.

डिलाईलरोडकर

केलं.

राजापूर_परळ_एसटी

कोणी 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'चं नाव कसं घेतलं नाही? २०२४च्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला, पायल कपाडियांचा. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट होता. दोन मल्याळी परिचारिका, आणि छाया कदम यांनी केलेली हॉस्पिटलातली स्वयंपाकीण पार्वती. नवरा वारल्यावर तिच्याकडे खोलीचा एकही कागद नाही, आणि बिल्डरला जागा हवी आहे. @मुलुंडची_लेक, तुमच्या आईचा प्रश्न अगदी हाच. परळ-लालबागची ही गोष्ट मराठीत आपण सांगायला हवी होती. ती एका मल्याळम-हिंदी-मराठी चित्रपटाने सांगितली, आणि छायाताईंना इतकी मोठी भूमिका तिथे मिळाली.

मुलुंडची_लेक

पाहिलाय. पार्वती आणि ती नर्स बिल्डरच्या फलकावर दगड मारतात तेव्हा मी टाळी वाजवली.

पण पुढे पार्वती रत्नागिरीला गावी जाते आणि चित्रपट एकदम मोकळा श्वास घेतो. समुद्र, उजेड, शांतता. हे मला पटलं नाही. माझी मावशी सोळा वर्षांपूर्वी अशीच गावी परत गेली. वीज जाते, दवाखाना लांब, भाऊबंद घराच्या भिंतीवरून भांडतात. मुंबईतून कागद नसल्यामुळे निघावं लागणं ही हार आहे. ती इतकी सुंदर दिसायला नको होती.

राजापूर_परळ_एसटी

माझ्या डोळ्यांनी वेगळं पाहिलं. गावच्या घरीही ती रिकाम्या हातानेच गेली आहे, फक्त तिथून तिला कोणी हाकलणार नाही. आमच्या आजीने ५२ वर्षं मुंबईत काढली, शेवटी गावी गेली आणि पहिल्या रात्री म्हणाली, "आज पाय पसरून झोपले." तुमच्या मावशीचं खोटं नाही, आमच्या आजीचंही नाही.

भांडुप_पूर्व

'कोर्ट'बद्दल सगळे हात जोडून बोलतायत म्हणून लिहितो. मी तो २०१५च्या एप्रिलमध्ये पाहिला. त्याच महिन्यात सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट संध्याकाळी सहा ते नऊमध्ये लावायला सांगितलं होतं, वाद झाला, मग दुपारी बारा ते रात्री नऊ असं ठरलं. मराठी चित्रपटाला चांगली वेळ मिळावी म्हणून मी मुद्दाम चौघांना घेऊन गेलो. इंटरव्हलला तिघं उठून गेले. कॅमेरा लांब ठेवायचा, हलवायचा नाही, माणसं निघून गेली तरी रिकामी खोली दाखवत राहायची. विषय एवढा मोठा, मग तो माझ्या मित्रांपर्यंत का पोचू नये? ते फॅक्टरीत काम करतात, शनिवारी सिनेमा बघतात. त्यांना समजत नाही असं म्हणू नका, त्यांना कोणी हाक मारली नाही.

नायगाव_क्वार्टर

@भांडुप_पूर्व, माझे वडील सातवी शिकलेले. त्यांनी 'कोर्ट' एका बैठकीत पाहिला. म्हणाले, "तारखेला असंच असतं. दिवसभर बसायचं आणि दोन मिनिटांत पुढची तारीख." वेळ जात नाही, हीच त्यातली शिक्षा आहे. त्यात शाहीर झालेले वीरा साथीदार स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते, २०२१मध्ये कोरोनाने गेले. त्यांचा तो थकलेला चेहरा आणि न थांबणारं गाणं बघायला मला घाईचा कॅमेरा नको होता.

भांडुप_पूर्व

तुमच्या वडिलांनी तारखा भोगलेल्या, म्हणून त्यांना पोचला. ज्याने नाही भोगल्या त्याच्यापर्यंत पोचवायचं काम कोणाचं? यावर आपलं जमणार नाही असं दिसतं. नमस्कार.

शिफ्ट_तेरा_तास

'कोर्ट'वरून आठवलं. गीतांजली कुलकर्णींची 'गुल्लक' बघितली का कोणी? २०१९पासून चालू आहे, हिंदी वेबमालिका, उत्तरेकडच्या लहान गावातलं मिश्रा कुटुंब. त्यांची शांती मिश्रा ओट्यापाशी उभी राहून जे बोलते, चिडते, पुसते, ते घर मोरीच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास. पाच-पाच भागांचे सीझन, वेळ घेऊन केलेले. मराठी नटी आहे, मराठी रंगभूमीवर घडलेली. अशी आई तिला मराठी मालिकेत का मिळाली नाही, हा प्रश्न मला माझ्याच धंद्याला विचारायचा आहे. आठवड्याला एक भाग द्या, आम्ही मोरी काय, मोरीतला तांब्याही दाखवू.

डिलाईलरोडकर

@शिफ्ट_तेरा_तास, तुमच्या दोन्ही प्रतिसादांनंतर माझा राग जिन्यावरून उठून आठवड्याच्या त्या सहा भागांवर गेला आहे. टिपरे आठवड्याला एक होते. 'चिमणराव' तर दूरदर्शनच्या त्या काळातल्या साध्या स्टुडिओत झालं, तरी बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आमच्या वडिलांना सख्खा वाटायचा. जागा लहान होती, वेळ होता.

मुलुंडची_लेक

आज संध्याकाळी आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. मोरीचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्यांना सांग, लग्नानंतर सव्वीस वर्षं मी चाळीत राहिले. मोरीत बसून अंग धुताना दाराकडे पाठ करायची की भिंतीकडे, हे मला अजून स्वप्नात येतं. संध्याकाळी दोन तास मला जिना बघू दे."

तिला काय सांगू?

डिलाईलरोडकर

काकूंना नमस्कार सांगा. त्यांनी जिना जरूर बघावा.

माझी आईही दिवसभर त्याच मोरीत असायची. मी नववीत होतो तेव्हा बाबांनी आम्हाला शिवाजी मंदिरला 'अधांतर' बघायला नेलं. आई नाटक-सिनेमात कधी एक शब्द बोलायची नाही. त्या दिवशी पहिल्याच अंकात ती माझ्याकडे वाकली आणि रंगमंचावरच्या त्या बाईकडे बघत हळूच म्हणाली, "यांच्याकडे पाणी किती वाजता येतं रे?"